फवारणीची विषबाधा आणि सरकारी खात्यांचा मेळ

संकटें दोन प्रकारचीं असतात. एक, जें अकस्मात् कोसळतें व ज्याची पूर्वसूचना कोणासच नसते. आणि दुसरें, ज्याची सूचना अनेकांस थोडी थोडी मिळालेली असते, परंतु ती एकत्र जुळविणारा कोणी नसतो. पहिल्याबद्दल सरकारास दोष देतां येत नाहीं. दुसऱ्याबद्दल मात्र विचारणा करण्याचा प्रजेस पूर्ण अधिकार आहे. 2017 सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारणाऱ्या माणसांवर जें संकट ओढवलें, तें ह्या दुसऱ्या प्रकारचें होतें असें आमचें मत आहे. तें कां, आणि त्यापासून आम्हां कास्तकारांनीं व सरकारनें कोणता बोध घ्यावा, ह्याचा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही गोष्ट जुनी झाली असें कोणीं म्हणूं नये. अरुणावतीच्या कांठच्या आमच्या ह्या आर्णी तालुक्यांत दरसाल मृग लागतो, दरसाल कपाशी पेरली जाते, आणि श्रावण-भाद्रपदांत दरसाल पंप पाठीवर चढतात.

प्रथम झालेली हकीकत सांगतों. त्या वर्षीं जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आर्णी तालुक्यासह जिल्ह्यांतील कापसाच्या गांवांतून विषबाधेचे रोगी दवाखान्यांत येऊं लागले. उलट्या, चक्कर, छातींत दडपण, डोळ्यांपुढें अंधारी अशीं हीं लक्षणें होतीं. कांहींची दृष्टि तर कांहीं काळ गेलीच होती. हंगाम संपेपर्यंत रुग्णांची संख्या सुमारें 800 वर गेली आणि 20 हून अधिक माणसें दगावलीं. बहुतेक रुग्णांस यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत न्यावें लागलें. हीं माणसें कोण होतीं? बहुतेक मोलानें फवारणी करणारे मजूर, आणि कांहीं स्वतःच्या वावरांत स्वतःच पंप घेणारे लहान कास्तकार. त्यांनीं विष पोटांत घेतलेलें नव्हतें. तें त्यांच्या त्वचेंतून, श्वासांतून आणि घामानें भिजलेल्या सदऱ्यांतून अंगांत शिरलें होतें.

असें त्याच वर्षीं कां व्हावें? फवारणी तर त्यापूर्वींही होत होती. ह्याचीं कारणें अनेक आहेत आणि त्यांतील एकही गूढ नाहीं. त्या वर्षीं पऱ्हाटी नेहमीपेक्षां उंच व दाट वाढली होती. पुष्कळ ठिकाणीं ती माणसाच्या डोक्याला लागली. कमरेएवढ्या पिकांत फवारा खालीं पडतो. डोक्याएवढ्या पिकांत तो फवारणाऱ्याच्या तोंडावर व डोळ्यांवर येतो. दुसरें कारण किडीचें. बीटी कपाशीस आपल्या देशांत 2002 सालीं प्रथम परवानगी मिळाली, आणि दोन जनुकांच्या सुधारलेल्या बीटी कपाशीस 2006 सालीं. तिलाही गुलाबी बोंडअळी आतां जुमानीनाशी झाली होती. एका फवारणीनें भागेना म्हणून दुसरी, दुसरीनें भागेना म्हणून तिसरी, आणि एका औषधानें भागेना म्हणून दोन-तीन औषधें एकाच पंपांत कालविणें, हा क्रम सुरू झाला. तिसरें कारण पंपाचें. हातानें दांडा मारण्याच्या जुन्या पंपाच्या जागीं बॅटरीवर चालणारे पंप आले. त्यांचा तुषार बारीक असतो व तो हवेंत बराच वेळ तरंगतो. आणि ह्या सर्वांवर ऑगस्ट-सप्टेंबरचा दमट उष्मा. ओल्या त्वचेंतून विष लवकर शिरतें, आणि अशा उष्म्यांत जाड कपडे अंगावर ठेवणें कोणासही असह्य होतें.

आतां वाचकांनीं एका गोष्टीकडे बारकाईनें लक्ष द्यावें. ह्यांतील प्रत्येक कारण कोणास ना कोणास ठाऊक होतें. पऱ्हाटी उंच गेली आहे, हें बांधावर फिरणाऱ्या कृषि सहायकास दिसत होतें. बोंडअळी बीटीस दाद देत नाहीं, हें नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांच्या नजरेस आलेलें होतें. कोणतीं औषधें एकत्र विकलीं जात आहेत, हें कृषि केंद्राच्या दुकानदारास आपल्या गल्ल्यावरून कळत होतें. फवारणीचे रोगी वाढले, हें प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरास समजत होतें. विषबाधेचा रोगी रुग्णालयांत दाखल झाला म्हणजे पोलिसांस खबर द्यावी लागते. म्हणून पोलीस ठाण्यांतही कांहीं नोंद होतच होती. एकाच संकटाचे पांच तुकडे पांच ठिकाणीं होते. ते एका मेजावर आले असते तर पहिल्या पंधरवड्यांतच धोक्याची घंटा वाजली असती. ते मेज कोठेंच नव्हतें, आणि आमच्या ह्या लेखाचें सारें सार एवढेंच आहे.

खात्यांची रचना कशी विखुरलेली आहे, तें एका मजुराच्या वाटेवरून पाहावें. समजा, तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत फवारतांना एका मजुरास घेरी आली. त्यास प्रथम नेतील तें प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या ताब्यांत असतें. तेथून पाठवितील तें ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचें असतें. तेथूनही पुढें यवतमाळास पाठविलें, तर तेथील महाविद्यालयाचें रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. एक माणूस एका दिवसांत तीन दवाखाने चढतो, आणि ते तिन्ही निरनिराळ्या धन्यांचे! शेतकीची गोष्टही तशीच. तालुका कृषि अधिकारी राज्य सरकारच्या कृषि विभागाचे, तर पंचायत समितींतील कृषि अधिकारी जिल्हा परिषदेचे. औषध देशांत विकूं द्यावें कीं नाहीं, हें केंद्र सरकारची नोंदणी समिति ठरविते. तें गांवांत विकण्याचा परवाना राज्याचा कृषि विभाग देतो. मृताच्या वारसास मदत द्यावयाची तर पंचनाम्याचें काम महसूल व पोलीस ह्यांचें. ह्यांपैकीं कोणतेंही खातें निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बैलजोडी, औत, बी आणि वाफसा हीं सर्व असूनही पेरणीच्या दिवशीं तीं एका वावरांत आलीं नाहींत तर पेरा होत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कायदा करणाऱ्यांस ही गोष्ट सुचली नव्हती काय? सुचली होती, आणि तीही फार पूर्वीं. 1968 च्या कीटकनाशक कायद्याचें 26 वें कलम असें आहे कीं, कीटकनाशक वापरतांना किंवा हाताळतांना झालेल्या विषबाधेच्या ज्या ज्या घटना एखाद्याच्या माहितींत येतील, त्या सर्व नेमलेल्या अधिकाऱ्यास कळविण्याची सक्ति राज्य सरकार अधिसूचना काढून करूं शकतें. त्याच्याच पुढील 27 व्या कलमान्वयें एखादें औषध माणसांस किंवा जनावरांस धोक्याचें दिसल्यास त्याची विक्री व वापर 60 दिवसांपर्यंत थांबवितां येतो. 1971 च्या नियमांत फवारणाऱ्यास योग्य संरक्षक कपडे असावे असें सांगितलें आहे, आणि डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणें लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापण्याचें बंधन आहे. म्हणजे खबर घेणें, औषध थांबविणें व माणूस झांकणें ह्या तिन्ही गोष्टी कायद्यांत आहेत. परंतु 26 वें कलम खबर आणतें व 27 वें त्या खबरेवर कृति करतें. पहिलें झोपलें असतां दुसरें वेळेवर जागें कसें व्हावें?

2017 सालीं झालें तेंही असेंच. बोभाटा झाल्यावर सरकार हललें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मुख्यमंत्र्यांनीं मृतांच्या कुटुंबांस प्रत्येकीं 2 लाख रुपयांची मदत जाहीर केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं विशेष तपास पथक नेमण्यांत आलें. त्यानंतर नोव्हेंबरच्या सुमारास यवतमाळसह पश्चिम विदर्भाच्या पांच जिल्ह्यांत पांच प्रकारच्या कीटकनाशकांची विक्री दोन महिन्यांकरितां बंद करण्याचा आदेश निघाला. परंतु नोव्हेंबरांत आपल्या वावरांत काय चाललेलें असतें, तें वाचकांस सांगावयास नको. तेव्हां फवारणी सरत आलेली असते आणि वेचणी सुरू झालेली असते. आदेश योग्य होता, तो आला मात्र हंगाम गेल्यावर. दवाखान्याची स्थितीही अशीच उघडी पडली. सेंद्रिय फॉस्फरसाच्या औषधांची बाधा रक्तांतील कोलिनएस्टरेज मोजून ओळखतां येते. त्या तपासणीची सोय तेव्हां यवतमाळच्या रुग्णालयांत नव्हती. कोणतें विष अंगांत आहे हें नक्की न कळतां डॉक्टरांस लक्षणांवरून उपचार करावे लागले. अॅट्रोपिन व प्रॅलिडॉक्झिम हे उतारे एका जातीच्या विषावर उपयोगी पडतात. दुसऱ्या कित्येक औषधांवर खास उताराच नाहीं.

खात्यांचा मेळ आपल्या राज्यांत होऊंच शकत नाहीं, असें म्हणावें तर तेंही खरें नाहीं. 2008 सालीं विदर्भांत सोयाबीनवर पानें खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उपद्रव झाला. त्यानंतर 2009 सालीं राज्य सरकारनें किडींच्या सर्वेक्षणाची व सल्ल्याची एक योजना सुरू केली. ती क्रॉपसॅप ह्या नांवानें आपणांस माहीत आहे. तींत कृषि विभाग, राज्यांतील कृषि विद्यापीठें व केंद्राच्या संशोधन संस्था एकत्र आल्या. गांवोगांव ठरलेल्या वावरांतील झाडांवर अळ्या किती, अंडीं किती, पतंग किती ह्याची नियमानें मोजणी होते, ती वर पाठविली जाते, आणि नुकसानीची पातळी ओलांडली असेल तर सल्ला खालीं येतो. ही योजना आम्हांस मनापासून आवडते. पण म्हणूनच आमचा प्रश्न अधिक टोंचणारा आहे. एका झाडावर अळ्या किती हें ज्या राज्यास आठवड्याच्या आठवड्यास कळूं शकतें, त्यास त्याच वावरांत घेरी येऊन पडलेलीं माणसें किती हें आठवड्याच्या आठवड्यास कां कळूं नये? अळीची मोजदाद करणारी यंत्रणा उभी आहे. माणसाच्या मोजदादीस त्याच यंत्रणेंत एक रकाना वाढविणें एवढेंच काम आहे.

आमच्या जिल्ह्याकडे कोणाचें लक्षच नाहीं, अशी तक्रार आम्हांस करतां येणार नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें यवतमाळचें नांव देशभर झालें. 2005 च्या अखेरीस राज्य सरकारनें मदतीची योजना जाहीर केली. 1 जुलै 2006 रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं 3,750 कोटि रुपयांची योजना सांगितली. 2008 सालीं देशभर कर्जमाफी झाली. तींत संपूर्ण माफीस 2 हेक्टरांची मर्यादा असल्यामुळें ज्याच्याकडे कोरडवाहू 7-8 एकर आहे, पण विहीर नाहीं, असा वऱ्हाडांतील कास्तकार बाहेर राहिला. 20 मार्च 2014 रोजीं नरेंद्र मोदी ह्यांनीं लोकसभेच्या निवडणुकीपूर्वीं आमच्याच तालुक्यांतील दाभडी येथें येऊन शेतकऱ्यांशीं चहापानाच्या निमित्तानें चर्चा केली. 2015 सालीं बळीराजा चेतना अभियान यवतमाळ व उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत सुरू झालें, आणि त्याच सुमारास आरोग्य विभागानें खचलेल्या शेतकऱ्यांस धीर देण्यासाठीं प्रेरणा प्रकल्प काढला. पाहुणे आले, योजना आल्या, पैसाही आला. उणीव लक्षाची नव्हती. एका खात्याचें लक्ष दुसऱ्या खात्याच्या लक्षाशीं जोडण्याची होती.

ह्या बाबतींत एक विपरीत गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. शेतकऱ्यानें आत्महत्या केल्यावर त्याच्या कुटुंबास 2006 च्या सरकारी निर्णयाप्रमाणें 1 लाख रुपये ठरले. त्यांतील 30 हजार रोख व 70 हजार ठेवीच्या रूपानें. ती मदत द्यावयाची कीं नाहीं, हें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति ठरविते. तिच्यापुढें तलाठ्याचा सातबारा येतो, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला येतो, पोलिसांचा पंचनामा येतो, डॉक्टरांचा अहवाल येतो. म्हणजे त्या माणसाचें कर्ज, पीक, प्रकृति व घर ह्यांची समग्र माहिती एका मेजावर येते, पण केव्हां? तो माणूस गेल्यावर! जिवंतपणीं ज्या कागदांची एकमेकांशीं गांठ पडली नाहीं, त्यांची गांठ त्याच्या चितेनंतर पडते. सरकारास खात्यांचा मेळ घालतां येत नाहीं असें ह्यावरून मुळींच दिसत नाहीं. मेळ घालतां येतो. तो उशिरां घातला जातो, इतकेंच.

विषबाधा व आत्महत्या हे दोन निराळे विषय आम्हीं एकत्र कां आणले, असें कोणी विचारील. ते दोन्ही एकाच डब्यांतून निघतात म्हणून. खेड्यांत आत्मघात करणारा पुष्कळदां धुऱ्यावरच्या झोपडींत ठेवलेलें औषधच उचलतो. ह्याविषयीं श्रीलंकेचा अनुभव आमच्या वाचकांस उपयोगी वाटेल. त्या देशांत 1995 सालीं आत्महत्यांचें प्रमाण दर लाख लोकवस्तीमागें 47 च्या आसपास होतें. त्याच वर्षीं तेथें मोनोक्रोटोफॉस व त्यासारखीं अतिविषारी औषधें बंद करण्यांत आलीं आणि 1998 सालीं एंडोसल्फानही बंद झालें. 2005 पर्यंत तें प्रमाण 24 वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आलें. आणि भाताचें उत्पन्न त्यामुळें घटलें नाहीं. निर्णय शेतकीचा, फायदा आरोग्याचा! दोन खातीं एकमेकांशीं बोललीं म्हणजे एका दगडांत काय साधतें, त्याचें हें उदाहरण आहे.

आपल्याकडे काय झालें? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 सालींच बंदी झाली. कपाशीवर तें चालू राहिलें. 2013 च्या जुलैंत बिहारांतील सारण जिल्ह्यांत शाळेच्या दुपारच्या जेवणांत हेंच विष मिसळलें जाऊन 23 मुलें दगावलीं. 2017 सालीं आमच्या जिल्ह्यांत बंद केलेल्या पांच औषधांत तें होतें. अखेर 2023 सालीं केंद्र सरकारनें त्याचें 36 टक्क्यांचें द्रावण बंद करण्याचा आदेश काढला. ती मुलें शिक्षण खात्याच्या दप्तरांत मोजलीं गेलीं, हे मजूर आरोग्य खात्याच्या दप्तरांत, आणि औषध मात्र शेतकी खात्याच्या दप्तरांत होतें. दप्तरें निराळीं असलीं म्हणजे दहा-दहा वर्षें अशीं जातात.

ह्यावर दोन आक्षेप येतात. त्यांचा विचार करणें प्राप्त आहे. पहिला असा कीं, मजूर निष्काळजी असतात. तोंडाला फडकें बांधत नाहींत, हातमोजे घालत नाहींत, त्यास सरकार काय करणार? ह्यांत सत्याचा अंश आहे. परंतु सप्टेंबरच्या उन्हांत, डोक्याएवढ्या पऱ्हाटींत, पंपामागें मजुरी ठरलेली असतांना जाड झगा घालून काम करून पाहावें म्हणजे निष्काळजीपणा कशास म्हणतात तें कळेल. जें साधन आपल्या हवेंत वापरतांच येत नाहीं, तें वाटल्यानें कर्तव्य पुरें होत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, आधींच समित्या पुष्कळ आहेत, त्यांत आणखी एक कशास? हा आक्षेप आम्हांस अधिक पटतो. म्हणूनच आम्ही नवी समिति मागत नाहीं. ज्याच्या मेजावर खबर यावी व ज्यास उत्तर द्यावें लागावें असा एक नांवानिशीं जबाबदार अधिकारी मागतों. दहा सभासदांची जबाबदारी ही कोणाचीच जबाबदारी नसते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे.

तेव्हां आमची मागणी थोडक्यांत अशी आहे. 26 व्या कलमाखालीं राज्य सरकारनें स्पष्ट सक्ति करावी कीं, सरकारी असो वा खाजगी असो, कोणत्याही डॉक्टरानें फवारणीच्या विषबाधेचा रोगी पाहिल्यास 24 तासांच्या आंत तालुक्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्यास कळवावें. हें अशक्य नाहीं. सर्पदंशाची अशी नोंद सक्तीची करावी म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें 2024 सालीं राज्यांस लिहिलेंच आहे. असा अधिकारी तहसीलदार असावा, कारण महसूल व मदत हीं दोन्ही त्याच्या हातीं आहेत व इतर खात्यांस बोलाविण्याचा त्याचा मान आहे. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्यास एक दिवस त्यानें दोन्ही कृषि अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयाचे प्रमुख व पोलीस निरीक्षक ह्यांस एकत्र बसवावें. समोर तीन आंकडे असावे: किडीचा, औषधांच्या विक्रीचा आणि रुग्णांचा. हे तीन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले तर कोणत्या गांवांत कोणतें औषध घात करीत आहे, हें सामान्य बुद्धीच्या माणसासही दिसेल. तसें दिसतांच 27 व्या कलमान्वयें औषध थांबविण्याची शिफारस जिल्हाधिकाऱ्यांमार्फत त्याच आठवड्यांत सरकारकडे जावी. नोव्हेंबरची वाट पाहूं नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत हंगामापूर्वीं उताऱ्यांचा साठा असावा व कोलिनएस्टरेजची तपासणी जिल्ह्यांत कायमची उपलब्ध असावी.

मदतीच्या बाबतींतही एक मोठें भगदाड आहे. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या शेतकरी अपघात सुरक्षा योजनेंत कीटकनाशकाच्या विषबाधेनें मृत्यु आल्यास 2 लाख रुपये मिळतात. परंतु ती योजना सातबाऱ्यावर नांव असलेल्या शेतकऱ्यास व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस लागू आहे. ज्याच्या नांवें जमीन नाहीं, तो मजूर तिच्या बाहेर राहतो. पंप पाठीवर त्याच्या, आणि संरक्षण मात्र ज्याचा सातबारा आहे त्यास! हें न्यायाचें नाहीं. जमीनधारक म्हणून ही गोष्ट आम्हींच बोलून दाखविली पाहिजे, कारण ती बोलण्यानें आमचें कांहीं जात नाहीं आणि मजुराचें बोलणें कोणी ऐकत नाहीं.

सरकारकडे मागणें मागतांना आपल्या वांट्याचें काम विसरून चालणार नाहीं. फवारणीची मजुरी पंपावर न ठरवितां दिवसावर ठरवावी. पंपावर ठरली म्हणजे माणूस घाई करतो, जेवण टाळतो व वारा पाहत नाहीं. उपाशीपोटीं कोणास फवारूं देऊं नये. धुऱ्यावर साबण व पुरेसें पाणी स्वतः नेऊन ठेवावें. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस फवारूं देऊं नये, व तुंबलेली तोटी तोंडानें फुंकूं देऊं नये. कृषि विद्यापीठाच्या शिफारशीवांचून दोन औषधें कालवूं नयेत. लाल त्रिकोणाचा डबा शक्य तोंवर घेऊंच नये. घेतला तर तो घरांत किंवा झोपडींत उघडा न ठेवतां कुलपांत ठेवावा. पऱ्हाटी छातीच्या वर गेली असेल तर तींत माणूस घालण्यापूर्वीं ती फवारणी खरोखर पाहिजे कीं काय, हें कृषि सहायकास विचारावें. आणि कोणास त्रास झालाच, तर त्याबरोबर डबा किंवा त्यावरील कागद दवाखान्यांत अवश्य पाठवावा. डॉक्टरास त्यासारखी दुसरी मदत नाहीं.

ह्या गोष्टींस खर्च फार नाहीं आणि कायदाही नवा लागत नाहीं. लागतो तो आग्रह, आणि तो गांवांतून वर गेला पाहिजे. 1 मे रोजीं गांवोगांव ग्रामसभा भरते, आणि तेव्हां फवारणीस दोन-अडीच महिने अवकाश असतो. आर्णी तालुक्यांतील प्रत्येक गांवच्या कास्तकारांनीं त्या सभेंत तीन गोष्टींचा ठराव करून घ्यावा: विषबाधेची खबर 24 तासांत देण्याची सक्ति, तहसीलदारांची साप्ताहिक बैठक, आणि भूमिहीन मजुरासही अपघाताची मदत. ठरावाची एक प्रत तहसील कचेरींत, एक पंचायत समितींत व एक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि प्रत्येकीची पोंच घ्यावी. पोंच हातांत असली म्हणजे पुढील हंगामांत आम्हांस खबर नव्हती असें कोणतेंच खातें म्हणूं शकणार नाहीं.